पांढऱ्या निशाणाचा दुसरा दिवस

ज्याने आपल्याला एकदा कपटाने फसविले, त्याच्या शब्दावर पुन्हा विश्वास ठेवण्यास आपण बांधील आहोत काय? प्रश्न जुना आहे. घराघरांत तो वेगवेगळ्या रूपांनी विचारला जातो. परंतु त्याची खरी कसोटी लागते ती युद्धभूमीवर, कारण तेथे विश्वासाची किंमत प्राणांनी मोजावी लागते. म्हणून या लेखात आम्ही हा प्रश्न रणांगणाच्या, त्यातही समुद्रकिनाऱ्यावरील एका रणांगणाच्या आधारे तपासून पाहणार आहोत.

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. खारे पाणी म्हणावे तर ते लोणारच्या सरोवरात, आणि गढी-कोटांचा इतिहास आठवावा तर तो जिजाऊंच्या माहेरी, सिंदखेडराजास. परंतु सैनिक मात्र आमच्याकडे आहेत. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या ताफ्यावर आत्मघातकी हल्ला झाला. त्यात कामी आलेल्या जवानांपैकी दोघे याच जिल्ह्याचे होते. एक घाटाखालच्या मलकापूरचा आणि दुसरा घाटावरच्या लोणार तालुक्यातला. अशा प्रसंगी लोकांच्या मनात जो संताप उसळतो, त्यापासून ख्रिस्ती घरेही अलिप्त राहत नाहीत. कपटाने मारणाऱ्याशी सरळपणाने का वागायचे, हा प्रश्न त्या संतापातूनच जन्म घेतो. तो विचारणाऱ्याला केवळ 'शत्रूवर प्रीती करा' एवढे सांगून गप्प बसविणे सोपे आहे; पण ते उत्तर नव्हे. प्रभूची आज्ञा उच्चारायची असेल, तर ती ज्याला गोळ्यांसमोर उभे राहून पाळावी लागते, त्याची अवस्था आधी समजून घेतली पाहिजे.

समुद्रातून येऊन किनारा जिंकणे हे सैनिकाच्या वाट्याला येणाऱ्या कामांपैकी अत्यंत कठीण काम. जमिनीवर लढणाऱ्याला झाड, बांध, ओढा, घराची भिंत यांचा आडोसा मिळू शकतो. होडीतून येणाऱ्याला असा आडोसा नाही. समोर खडक वा वाळू, त्यामागे मोर्चे बांधून बसलेला शत्रू, पाठीमागे पाणी. माघार घ्यावी तरी कोठे? दुसऱ्या महायुद्धात ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या, तेव्हा पॉइंत द्यू ओक नावाच्या सुमारे शंभर फूट उंचीच्या कड्यावर चढण्याचे काम अमेरिकेच्या निवडक 'रेंजर' सैनिकांवर सोपविण्यात आले होते. लेफ्टनंट कर्नल जेम्स रडर यांच्या नेतृत्वाखाली सुमारे २२५ जण दोर आणि शिड्यांच्या आधाराने, वरून गोळ्या आणि हातगोळे येत असताना तो कडा चढले. वर जाऊन पाहतात तो ज्या तोफांसाठी हे साहस केले, त्या तोफा जागेवर नव्हत्याच! शत्रूने त्या आधीच आत नेऊन ठेवल्या होत्या. रेंजरांनी त्या शोधून काढल्या आणि निकामी केल्या. परंतु दोन दिवसांनंतर शस्त्र धरू शकतील असे त्यांच्यापैकी सुमारे ९० जणच उरले होते.

त्याच किनारपट्टीवर जर्मन गणवेश घालून बसलेले सर्वच जण जर्मन नव्हते. पूर्वेकडील देशांतून कोणी सक्तीने, तर कोणी युद्धकैद्यांच्या छावणीतील उपासमार चुकविण्यासाठी त्या सैन्यात आलेले होते. ज्याच्यावर आपण बंदूक रोखतो, तो मनाने कोणाच्या बाजूचा आहे, हे बंदुकीच्या नळीतून दिसत नाही. शरण येण्याची वाट उघडी असणे किती मोलाचे, हे यावरून ध्यानात यावे. ती वाट बंद झाली, तर मनाविरुद्ध लढणाऱ्यालाही शेवटपर्यंत लढण्यावाचून गत्यंतर उरत नाही.

नॉर्मंडी दूर राहिली. असाच एक प्रसंग, आकाराने पुष्कळच लहान पण आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक बोलका, आपल्या पश्चिम किनाऱ्यावर घडला आहे. कारवारच्या समोर समुद्रात अंजदीव नावाचे छोटे बेट आहे. वास्को द गामा १४९८ मध्ये परतीच्या वाटेवर येथे थांबला होता. पहिला पोर्तुगीज व्हाइसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने १५०५ मध्ये येथे किल्ला उभारला. बेटावर 'ब्रोतास माते'चे, म्हणजे पवित्र मरियेचे, पुरातन चर्च असून गोव्याच्या भाविकांना त्याची मोठी ओढ. किनारा कर्नाटकाचा, परंतु बेट गोव्याचे. म्हणून १९६१ पर्यंत ते पोर्तुगीजांच्या ताब्यात राहिले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात 'साबरमती' या प्रवासी बोटीवर या बेटावरून गोळीबार झाला आणि गोव्याचा प्रश्न चिघळत चिघळत शस्त्रांपर्यंत येऊन ठेपला.

१८ डिसेंबर १९६१ रोजी 'ऑपरेशन विजय' सुरू झाले. दिवस सोमवार. आगमनकाळातील तिसरा, म्हणजे आनंदाचा रविवार आदल्याच दिवशी होऊन गेलेला. अंजदीव घेण्याचे काम 'म्हैसूर' ही क्रूझर आणि 'त्रिशूल' ही फ्रिगेट या दोन युद्धनौकांकडे होते. भारतीय नौदलाचे खास सागरी कमांडो दल उभे राहिले ते १९८७ मध्ये. १९६१ साली तसे काही नव्हते. एरवी जहाजावर यंत्रे, तोफा, दोरखंड सांभाळणाऱ्या नौसैनिकांचीच उतरण-तुकडी तयार करण्यात आली आणि लेफ्टनंट अरुण ऑडिटो यांच्या नेतृत्वाखाली ती बेटावर गेली. बेटावर पांढरे निशाण दिसले होते आणि त्यानंतर पुढे येणाऱ्या नौसैनिकांवर गोळीबार झाला, असे भारतीय बाजूचा वृत्तांत सांगतो. ७ नौसैनिक मृत्युमुखी पडले, १९ जखमी झाले. मग जहाजांच्या तोफा धडाडल्या आणि बेटावरचे मोर्चे कोसळू लागले.

येथे थोडे थांबून विचार करू या. युद्धात शत्रूला फसविणे हे मुळातच पाप आहे काय? तसे असेल तर कोणताही सेनापती पापातून सुटणार नाही. संत थॉमस अॅक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' ग्रंथात हा प्रश्न नेमकेपणाने हाताळला आहे. ते म्हणतात की, शत्रूला दोन प्रकारांनी फसविता येते. आपला बेत त्याच्यापासून लपवून ठेवणे हा एक प्रकार. दबा धरून बसणे, रात्री चालून जाणे, एकीकडे हूल देऊन दुसरीकडून वार करणे हे सारे त्यात येते आणि न्याय्य युद्धात ते निषिद्ध नाही. जुन्या करारात यहोशवाने आय नगराच्या पाठीमागे सैन्य दडवून ठेवले, तेही देवाच्या आज्ञेने. परंतु खोटे सांगून किंवा दिलेले वचन मोडून फसविणे हा दुसरा प्रकार सर्वथैव निषिद्ध होय. कारण शत्रू-शत्रूंमध्येही काही हक्क आणि काही करार असतात, ते पाळलेच पाहिजेत. त्यांच्याही आठशे वर्षे आधी संत ऑगस्टीन यांनी बोनिफस नावाच्या सेनाधिकाऱ्याला पत्र लिहून हेच बजावले होते की, दिलेला शब्द ज्याच्याविरुद्ध आपण लढत आहोत त्या शत्रूच्या बाबतीतही पाळावा.

झाडामागे लपणारा सैनिक काहीच बोलत नाही. शत्रूने त्याच्याविषयी काय समजावे, हे तो शत्रूवरच सोपवितो. पांढरे निशाण मात्र बोलते. 'आता मी तुला मारणार नाही, तूही मला मारू नकोस,' असे ते भाषा न जाणणाऱ्यालाही कळेल अशा रीतीने सांगते. म्हणून ते निशाण म्हणजे डावपेच नव्हे, तो शब्द आहे. १९०७ च्या हेग नियमांनी तहाच्या निशाणाचा गैरवापर निषिद्ध ठरविला आणि १९७७ च्या जिनिव्हा करारांच्या पुरवणीने शरणागतीचे सोंग घेऊन मारण्यास विश्वासघात म्हटले. संतांनी सद्सद्विवेकाच्या आधारे जे सांगितले, तेच राष्ट्रांनी रक्त सांडून सांडून अखेरीस कायद्यात लिहून ठेवले.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. माणसाने माणसाला मारणे हेच ज्या व्यवहाराचे स्वरूप, तेथे एका फडक्याचे एवढे अवडंबर कशाला? हजारो मारले तर शौर्य आणि निशाणाआड सात मारले तर पाप, हा कोणता न्याय? आमच्या मते याचे उत्तर असे. युद्ध हे केव्हा तरी थांबायचे असते. ते थांबण्यासाठी दोन्ही बाजूंना समजेल आणि दोन्ही बाजू मानतील असा एखादा तरी शब्द शिल्लक राहिला पाहिजे. तो शब्दच खोटा ठरला, तर युद्ध एकाच रीतीने संपू शकते: एका बाजूचा शेवटचा माणूस मरून. निशाणाचा विश्वासघात करणारा केवळ समोरच्या सात जणांना मारीत नाही. यापुढे खरोखर शरण येऊ पाहणारा प्रत्येक घाबरलेला, जखमी, अन्नपाण्यावाचून तळमळणारा सैनिक, मग तो त्याच्या स्वतःच्या बाजूचा का असेना, त्याच्याही जिवावर तो उठलेला असतो.

तथापि न्याय करताना घाई करू नये. बेटावरील शिबंदी मोजकी. तोफांच्या धुरात एकाने निशाण उंचावले आणि दुसऱ्या टोकाच्या मोर्चात बसलेल्याला त्याचा पत्ताच नसला, असेही घडू शकते. विश्वासघात हे पाप मनाच्या संकल्पात असते, आणि तो संकल्प कोणाचा होता हे ईश्वर जाणतो. समोरून येणाऱ्या नौसैनिकांना मात्र ही चिकित्सा करण्याची उसंत नव्हती. त्यांनी निशाण पाहिले होते आणि आता ते आपल्या सोबत्यांची प्रेते पाहत होते.

आणि आता आम्ही मूळ मुद्द्याशी येतो. दुसऱ्या दिवशी, १९ डिसेंबरला, अंजदीव पूर्णपणे भारताच्या ताब्यात आले आणि बेटावरील पोर्तुगीज सैनिक कैदी झाले. मानुएल कायेतानो नावाचा एक साधा शिपाई पोहत किनाऱ्याला गेला होता. तो २२ डिसेंबरला सापडला, आणि तोही जिवंत कैदी झाला. इतिहासाच्या पुस्तकांत हे वाक्य एका ओळीत उरकते. पण क्षणभर त्या नौसैनिकांच्या जागी स्वतःला उभे करून पाहावे. काल याच बेटावर पांढऱ्या निशाणावर विश्वास ठेवला आणि सात सोबती गमावले. आज त्याच खडकांतून हात वर करून माणसे बाहेर येत आहेत. बोट चापावर आहे. साक्षीला समुद्रावाचून कोणी नाही. त्या क्षणी गोळी सुटली असती, तर जगाने तिची चौकशी केली असती असे वाटत नाही. ती सुटली नाही. ज्या शब्दाने काल घात केला, तोच शब्द आज पुन्हा खरा मानला गेला.

गोळीबारात पुढे सरकणे हे शौर्य खरेच; त्याविषयी आमच्या मनात आदरच आहे. परंतु त्या शौर्याला शिकवण असते, सवय असते, शेजारी सोबती असतात, रक्तात चढलेला आवेश असतो. दुसऱ्या दिवशीच्या संयमाला यांपैकी कशाचाही आधार नसतो. उलट सारे काही त्याच्या विरुद्ध असते: सोबत्यांचे प्रेम, डोळ्यांनी पाहिलेले कपट, आणि पुन्हा फसलो तर काय ही रास्त भीती. म्हणून आम्हाला असे वाटते की, अंजदीवच्या लढाईतील सर्वांत मोठी कृती किनाऱ्यावर उतरणे ही नव्हती; शरण आलेल्याला जिवंत धरणे ही होती.

हे आपल्या मातीला नवे नाही. चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईचा किल्ला घेतला तो मे १७३९ मध्ये. सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियनच्या बुरुजाला खिंडार पडले, पण त्यापूर्वी आणि त्यानंतरही मराठ्यांची हजारो माणसे त्या तटापुढे पडली होती. एवढ्या संहारानंतर किल्ल्यातील पोर्तुगीजांनी शरणागतीचे बोलणे लावले, तेव्हा ते स्वीकारले गेले. शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू देण्यात आले आणि जे मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. त्या युद्धात आपल्या समाजाने पुष्कळ गमावले. चर्चच्या घंटासुद्धा दूरदूरच्या देवळांत गेल्या. ते विसरण्याचे कारण नाही. पण विजेत्याने दिलेला शब्द पाळला, हेही आपण विसरू नये. वसईच्या परिसरात ख्रिस्ती श्रद्धा पुढेही टिकून राहिली, त्यात त्या पाळल्या गेलेल्या शब्दाचाही वाटा आहे.

पवित्र शास्त्र तर याहून पुढे जाते. यहोशवाच्या पुस्तकातील गिबोनकरांची कथा आपल्याला ठाऊक आहे. फाटके जोडे, शिळ्या भाकरी आणि जुने बुधले दाखवून, आपण दूर देशाहून आलो आहोत असे भासवून, त्यांनी इस्राएलकडून जीवदानाची शपथ मिळविली. तीन दिवसांत लबाडी उघडकीस आली. लोक खवळले. पण शपथ देवाच्या नावाने घेतलेली होती. ती मोडली गेली नाही. गिबोनकरांना लाकडे तोडण्याचे आणि पाणी भरण्याचे काम लावण्यात आले, परंतु जीव घेतला गेला नाही. पुढे शौल राजाने त्या शपथेचा भंग केला, तेव्हा दावीदाच्या काळात देशावर दुष्काळ आला, असे शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकात सांगितले आहे. समोरच्याच्या खोटेपणामुळे आपला खरेपणा रद्द होत नाही. कारण आपला खरेपणा त्याच्याशी बांधलेला नसून देवाशी बांधलेला असतो.

मग शहाणपणाला काही स्थान नाही काय? अवश्य आहे. शरण आलेल्याला जिवंत धरणे म्हणजे त्याच्या हाती बंदूक राहू देणे नव्हे. त्याला शस्त्र खाली ठेवावयास लावावे, हात वर करून एकेकट्याने पुढे बोलवावे, झडती घ्यावी, पहाऱ्यात ठेवावे. हे सारे सावधपणाचे नियम आहेत, आणि काल फसलेला माणूस ते आज अधिक कसोशीने पाळील. विश्वास ठेवणे आणि बेसावध राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रभू येशूने शिष्यांना कबुतरासारखे निष्कपट होण्यास सांगितले, तेव्हा सर्पासारखे चतुर होण्यासही त्याच दमात सांगितले होते.

दुसरी एक गोष्ट येथे ध्यानात घ्यावयास हवी. शरण येणे हाही धर्म असू शकतो. लिस्बनहून सालाझार यांनी गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो ए सिल्वा यांना १४ डिसेंबरला जो संदेश धाडला, त्याचा आशय असा होता की, तह नको, पोर्तुगीज कैदी नकोत. सैनिक एक तर विजयी असावेत नाही तर मृत. सुरक्षित खोलीत बसून दुसऱ्यांच्या मुलांना मरण फर्माविणारी ही आज्ञा होती. व्हासालो ए सिल्वा यांनी ती मानली नाही. १९ डिसेंबरला त्यांनी शरणागती पत्करली आणि हजारो सैनिकांचे व नागरिकांचे प्राण वाचले. मायदेशी त्यांच्या वाट्याला बेअब्रू आली. सैन्यातून त्यांना काढून टाकण्यात आले. पोर्तुगालमध्ये क्रांती झाल्यानंतर, १९७४ मध्ये, त्यांचा दर्जा त्यांना परत मिळाला. चार वर्षांनी, १९६५ मध्ये, दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने स्पष्ट केले की, मानवतेच्या मूलभूत नियमांविरुद्ध दिलेल्या आज्ञांना आंधळे आज्ञापालन ही सबब होऊ शकत नाही. त्याच परिच्छेदात, देशाची सेवा करणारा सैनिक आपले काम नीट करील तर तोही शांतीचाच सेवक ठरतो, असेही परिषद सांगते. दोन्ही वाक्ये एकत्र वाचली पाहिजेत. योहान बाप्तिस्ताकडे सैनिक आले, तेव्हा त्याने त्यांना तलवार टाकण्यास सांगितले नाही. जुलूम करू नका, कोणावर खोटा आळ घेऊ नका, आपल्या वेतनात समाधान माना, असे बजावले. सैनिकाचा धर्म त्याच्या शस्त्राने बिघडत नाही. शस्त्र कोठे थांबवायचे हे न कळल्याने तो बिघडतो.

आमच्यापैकी बहुतेकांच्या आयुष्यात अंजदीव येणार नाही. पण त्याचा दुसरा दिवस येतो. बांध कोरणारा शेजारी पंचांसमोर कबूल करतो आणि पेरणीच्या वेळी पुन्हा नांगर आत घालतो. वाटणीच्या वेळी भावाने कागद लपविलेला असतो. हातउसने घेऊन तोंड चुकविणारा सोयरा वर्षभराने दारात उभा राहतो, मान खाली घालून. अशा वेळी आपल्या ओठांवर येणारे वाक्य ठरलेले असते: एकदा फसलो, आता नाही. हे वाक्य व्यवहाराला धरून आहे. कागद करून घ्यावा, साक्षीदार ठेवावेत, मोजणी करून खुणा पक्क्या कराव्यात. परंतु दारच लावून घेणे, आणि समोरचा आता खरे बोलत असेल ही शक्यताच मनातून पुसून टाकणे, ही वेगळी गोष्ट आहे. सात वेळा की सत्तर वेळा, हा पेत्राचा हिशेब आपणही मनातल्या मनात करीत असतोच. प्रभूने त्या हिशेबाची वहीच मिटविली. ज्यांच्यापाशी गमावण्यासारखे प्राण होते, त्या तरुण नौसैनिकांना दुसऱ्या दिवशी जे जमले, ते ज्यांच्यापाशी गमावण्यासारखा हातभर बांध आहे, त्या आपल्याला जमू नये काय?

'ऑपरेशन विजय'त भारताचे २२ जण आणि पोर्तुगालचे ३० जण मृत्यू पावले. अंजदीवच्या सात नौसैनिकांचे स्मारक आहे आणि ते बेट आज नौदलाच्या कारवार येथील तळाचा भाग आहे. नोव्हेंबर महिन्यात आपण मृत भाविकांसाठी मिस्सा अर्पण करतो, कबरींवर मेणबत्त्या लावतो. त्या वेळी आपल्या जिल्ह्यातील जवानांची आठवण होईल, तशीच त्या सातांचीही व्हावी. आणि समोरच्या मोर्चात मेलेल्यांची नावे घ्यावीत की नाही, असा प्रश्न कोणाच्या मनात आलाच, तर अंजदीवच्या दुसऱ्या दिवसाने त्याचे उत्तर देऊन ठेवले आहे.